वेंगुर्ल्याच्या खडकांवर राखण कोण ठेवणार?

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य
मा. प्रमुख, कांदळवन कक्ष, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग

विषय : वेंगुर्ला रॉक्सवरील पाकोळ्यांच्या गुहांना विणीच्या हंगामात पहारा मिळण्याबाबत.



निवतीच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला पाहिले की स्वच्छ दिवशी समुद्रात खडकांचा एक पुंजका दिसतो. त्यातल्या एकावर दीपगृह आहे. नकाशात त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, बर्न्ट आयलंड असेही म्हणतात, आणि हल्ली पर्यटनाच्या कागदांत निवती रॉक. नावे तीन, मालक किती, हे अजून मला नीट उलगडलेले नाही. दिवा दीपस्तंभ खात्याचा, भोवतालचे पाणी मत्स्य खात्याचे आणि मेरिटाइम बोर्डाचे, गस्त सागरी पोलिसांची नि तटरक्षक दलाची, पक्षी वन खात्याचे. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा तिघांना मिळून लिहितो आहे, आणि उघड लिहितो आहे. बंद पाकिटातले पत्र या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत पावसाळा लागतो, आणि माझे काम पावसाळ्याच्या आधीचे आहे.

या खडकांना लाटांनी कोरलेल्या चिंचोळ्या घळी आणि गुहा आहेत. त्यांत भारतीय पाकोळी वीण घालते. आपल्या गावातल्या देवळांच्या कमानीखाली गोंगाट करणाऱ्या पाकोळ्यांची ही चुलत बहीण. रंगाने काळपट, चार-पाच इंचांची, आणि पायांची ठेवण अशी की फांदीवर बसणे तिला जमत नाही; भिंतीला नख्या रोवून लटकते. गुहेच्या अंधारात ती टक-टक असा आवाज काढत उडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. वटवाघळाचा असला आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही, हिचा येतो. दिवसभर समुद्रावर आणि किनाऱ्यावरच्या बागांवर उडते कीटक टिपायचे आणि संध्याकाळी गुहेत परतायचे, एवढाच तिचा संसार.

घरटे मात्र विलक्षण. विणीच्या दिवसांत पाकोळीच्या लाळेच्या ग्रंथी फुगतात. त्या चिकट लाळेचा धागा ती खडकावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहते. तो वाळला की त्यावर दुसरा. असे काही आठवडे चालते तेव्हा कुठे भिंतीला चिकटवलेल्या अर्ध्या वाटीएवढे घरटे तयार होते. त्यात दोन पांढरी अंडी. आग्नेय आशियातल्या एका जातीचे घरटे जवळजवळ निव्वळ लाळेचे, दुधी काचेसारखे असते. बाजारात सर्वांत जास्त भाव त्याला. आपल्या पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर शेवाळाचे धागे, गवताच्या काड्या, पिसे असतात. म्हणजे माल हलक्या प्रतीचा. तरीही तो चोरला जातो.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या या पक्ष्यांचा अभ्यास केला आणि इथून घरटी काढून नेली जात असल्याचे उजेडात आणले. वेळासची कासवे ज्यांच्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक झाली, तीच ही मंडळी. तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, खाती हलली. नंतर कासवाला महोत्सव मिळाला आणि पाकोळीला फाइल. कासव वाळूत येते, लोकांना पाहता येते, पिल्लू समुद्रात जाताना फोटो चांगला निघतो. पाकोळीचे काय, ती अंधारात, तीही समुद्राच्या मध्यावर. तिचे कोणाला वाटावे असे तिच्यात काही दिसत नाही, हे मी समजू शकतो.

ज्या गिऱ्हाइकासाठी ही चोरी होते त्याच्या पदरात नेमके काय पडते, तेही मांडायला हवे. ‘एवढा भाव आहे म्हणजे औषधी असणारच’ हे वाक्य मी बंदरावर ऐकले आहे आणि एका सरकारी कचेरीतही ऐकले आहे.

चिनी समाजात या घरट्याचे सूप काही शतकांपासून प्यायले जाते. फुप्फुसाला बळ, त्वचेला तेज, बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला ताकद, अशी त्याची ख्याती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी खडीसाखर घालून ते मंद आचेवर शिजवत ठेवणे हा तिकडे मायेचा भाग आहे. त्याची थट्टा करायचे मला कारण नाही. आपणही डिंकाचे लाडू याच भावनेने करतो. पण भावना वेगळी आणि पोषण वेगळे. वाळलेल्या घरट्यात अर्ध्याहून जास्त प्रथिने, पाव हिश्शाच्या आसपास कर्बोदके, चरबी नावापुरती, आणि सायलिक आम्ल नावाचा एक घटक दहा टक्क्यांच्या आसपास असतो. ऐकायला भरघोस. पण एका वाडग्यात वाळके घरटे पडते पाच-सात ग्रॅम. त्यातून मिळणारी प्रथिने तीन-चार ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. आणि परदेशी विमानतळांवर ज्या चिमुकल्या बाटल्या विकायला असतात त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत वाळक्या घरट्याचा अंश शेकडा एक-दीड असतो, बाकी पाणी आणि साखर.

1921 मध्ये ची चे वांग या चिनी रसायनशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत याच घरट्यांचे पृथक्करण केले. ज्या समाजात हा पदार्थ अमृतासारखा मानला जातो त्याच समाजातली ही बाई. तिने प्रयोगाअंती नोंदवले की यातले प्रथिन पोषणाच्या दृष्टीने कमी दर्जाचे आहे. त्याला शंभर वर्षे उलटली. मधल्या काळात प्रयोगशाळांतून काही लक्षवेधी गोष्टी पुढे आल्या, हे मान्य केले पाहिजे. घरट्याचा अर्क काचेच्या तबकडीत इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला पेशींना चिकटू देत नाही. उंदरांमध्ये हाडांवर चांगला परिणाम दिसला. मात्र तबकडी आणि उंदीर यांच्या पुढे जाऊन माणसांवर मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. म्हणजे हे घरटे निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ज्या भावाला ते विकले जाते तो भाव पोषणाचा नाही, एवढेच म्हणतो. तो मानाचा भाव आहे, भेटवस्तूचा आहे.

आणि धोका? सिंगापूरच्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात रुग्णालयातल्या मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अन्नामुळे येणाऱ्या तीव्र, जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या कारणांत या घरट्याचा क्रमांक सर्वांत वर निघाला. शेंगदाणा नव्हे, कोळंबी नव्हे, ताकद यावी म्हणून आईने चमच्याने भरवलेले सूप. पुढे 2011 मध्ये चीनमधल्या तपासणीत लाल रंगाच्या ‘रक्तवर्णी’ घरट्यांत नायट्राइटचे प्रमाण भलतेच आढळले. मलेशियाहून येणारा माल चीनने थांबवला, मग किलोमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, प्रत्येक घरटे कोणत्या नोंदणीकृत इमारतीतले हे शोधता आले पाहिजे अशी अट घातली, तेव्हा कुठे व्यापार पुन्हा सुरळीत झाला. तो लाल रंग पाकोळीच्या रक्ताचा, लाळ संपल्यावर ती रक्त ओकते, म्हणून ते घरटे अधिक गुणकारी, अशी समजूत होती आणि त्यासाठी लोक जास्त पैसे मोजत. प्रत्यक्षात गुहेच्या तळाशी साचलेल्या विष्ठेतून उठणाऱ्या वाफांमुळे घरट्यातले प्रथिन लाल पडते. विष्ठेच्या वाफेला रक्ताचा भाव मिळत होता.

साफसफाईची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. घरटे पाण्यात भिजवून मऊ करायचे आणि बाया तासन् तास घमेल्यावर वाकून बारीक चिमट्याने एकेक पीस वेचून काढतात. ज्याला एवढा वेळ नसतो तो हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून माल पांढरा करतो. वजन वाढवायला त्यात समुद्री शेवाळ घालतात, पांढरी बुरशी घालतात, डुकराचे कातडे घालतात आणि डिंकही घालतात. हा डिंक बहुधा कांडोळाचा असतो. आपल्या डोंगरांत उन्हाळ्यात जो पांढऱ्याफेक खोडाने उभा असतो आणि ज्याला लोक भुत्या म्हणतात, त्याच झाडाचा. ज्या घरट्यात मुळातच शेवाळ, पिसे आणि काड्या आहेत ते खाण्याजोगे करण्यासाठी किती उलाढाली कराव्या लागत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. वेंगुर्ल्याच्या खडकावरून चोरलेल्या घरट्याला ना नोंद, ना तपासणी, ना कुळाचा कागद. ते कुठल्या तरी ढिगात मिसळते आणि कुठल्या तरी आजारी माणसाच्या वाडग्यात जाते.

आता पाकोळीकडे वळू. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर उद्या तुमचेच कोणी ती माझ्या तोंडावर फेकेल. भारतीय पाकोळी ही जात म्हणून आज नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. सह्याद्रीत आणि श्रीलंकेत ती बऱ्याच ठिकाणी आहे. पण पक्ष्यांची वसाहत आणि पक्ष्यांची जात यांत फरक आहे. या पाकोळ्या पिढ्यान् पिढ्या त्याच गुहेत येतात. घरटे काढले की पाकोळी ते पुन्हा बांधायला घेते, नव्याने लाळ गाळते, पुन्हा काही आठवडे जातात. आपल्याकडे वीण साधारण मार्च ते जून. पहिले घरटे एप्रिलमध्ये गेले तर दुसऱ्यातली पिल्ले नेमकी मृगाच्या लाटांत सापडतात. आणि चोर पिल्ले उडायची वाट पाहत नाही. अंडी असोत, डोळे न उघडलेली पिल्ले असोत, ती खाली पाण्यात जातात. असे चार-सहा हंगाम झाले की गुहेत म्हातारे पक्षी तेवढे उरतात आणि एका वर्षी तेही येत नाहीत. बोर्निओतल्या निआहच्या प्रसिद्ध गुहांत एके काळी लाखोंनी असलेल्या पाकोळ्यांची अशीच वाताहत झाली. आपल्या खडकांवर सुरुवातच थोड्यांपासून आहे.

अंदमानात हेच घडत होते. सालिम अली पक्षी संशोधन केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी 1990 च्या दशकात बेटाबेटांवरच्या शेकडो गुहा पालथ्या घातल्या. घरटी काढण्याच्या धंद्याने तिथल्या पाकोळ्या दहाएक वर्षांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटल्या असाव्यात, असा त्यांचा हिशेब होता. पुढे त्यांनी आणि अंदमानच्या वन खात्याने जे केले त्याकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. त्यांनी नुसता फलक लावला नाही. गुहा ज्यांना पाठ होत्या, अंधारात दोरावर चढून घरटी काढण्यात ज्यांची हयात गेली होती, त्याच माणसांना पगारावर राखणदार केले. उत्तर अंदमानात रामनगरजवळ ‘चालिस एक’ नावाच्या चुनखडीच्या गुहा आहेत. तिथे विणीच्या हंगामात ही माणसे रात्रंदिवस बसू लागली आणि पाकोळ्या वाढू लागल्या. पुढे पिल्ले उडाल्यावर रिकामी घरटी नियमाने काढता यावीत, पैसा गावात राहावा, यासाठी तिथली पाकोळी वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतून वगळण्यापर्यंत मजल गेली. शंकरन 2009 मध्ये वयाच्या पंचेचाळिशीतच गेले. त्यांच्या या शेवटच्या पावलावर मतभेद आहेत आणि मीही अजून एका बाजूला झालेलो नाही. पहाऱ्याबद्दल मात्र कोणाचेच दुमत नाही.

मला ठाऊक आहे, हे वाचताच एखादा उत्साही सल्लागार म्हणेल की मग कोकणातही पाकोळीपालन का नको? जावा-सुमात्रा, मलेशियात सिमेंटच्या उंच, बिनखिडक्यांच्या इमारती उभारतात, आत अंधार आणि ओल ठेवतात, ध्वनिक्षेपकावर पाकोळ्यांचे आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावतात. जगातली बहुतेक घरटी आज अशाच इमारतींतून येतात. त्यामुळे गुहांवरचा ताण थोडा कमी झाला हे खरे. पण पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या त्या आवाजाने शेजाऱ्यांची झोप उडते, आणि पेनांगच्या जॉर्ज टाउनला जागतिक वारसा मिळाल्यावर जुन्या वाड्यांत थाटलेली ही पाखरघरे तिथल्या प्रशासनाला हलवावी लागली. आपला मुद्दा त्याहून साधा आहे. ती पांढऱ्या घरट्याची पाकोळी भारतात फक्त अंदमान-निकोबारला आहे. आपली पाकोळी शेवाळ-पिसांचे घरटे बांधते. तिच्यावर धंदा उभा राहत नाही, चोरी तेवढी होते. कृपा करून ‘रोजगारनिर्मिती’च्या सदरात हा विषय घालू नका.

कायदा आहे, हे तुमचे उत्तर मला आधीच ऐकू येते. आहे. पण तो कुठवर पोचतो? 1994 मध्ये या पक्ष्यांना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव इटलीने आणला होता. तो मंजूर झाला नाही आणि आजही ही घरटी त्या यादीत नाहीत. म्हणजे पिशवी एकदा का देशाबाहेर पडली की पुढच्या बंदरावर त्या कराराचा कागद तिला कोणी विचारणार नाही. हाँगकाँगच्या दुकानात ती कोणत्या खडकावरची हे कोण सांगणार? अडवायची तर इथेच, आणि इथे म्हणजे गुहेच्या तोंडाशी. मालवण-वेंगुर्ल्याच्या नाक्यावर गाडी तपासून नव्हे. वाळकी घरटी वजनाला कापसासारखी असतात, पिशवीत कुठेही बसतात, आणि तपासणाऱ्या शिपायाने आयुष्यात पाकोळीचे घरटे पाहिलेले नसते.

होडीवाल्यांना विचारले तर ते सरळ बोलतात. “थय जाऊक डिझेल कोण घालतलो?” हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा. खडकांकडे जाणारी अनोळखी बोट आधी दिसते ती त्यांनाच. कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूने चढता येते, कुठे लाट होडी आपटते, हेही त्यांनाच ठाऊक. पण बोट दिसली तर कळवायचे कोणाला, आणि कळवल्यावर कोणी येणार आहे का, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. तुमच्या तिन्ही कार्यालयांतून मलाही ते मिळालेले नाही.

त्यात आता नवे काही येऊ घातले आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे पर्यटन उभारण्याची योजना राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने आखली आहे. मी त्याच्या विरोधात नाही. जहाजाभोवती मासे जमतील, पोरांना काम मिळेल. पण पर्यटकांच्या बोटी ज्या महिन्यांत धावणार तेच पाकोळीच्या विणीचे महिने. ‘गुहाही दाखवतो’ म्हणून शंभर रुपये जास्त घेऊन विजेरी मारत आत शिरणारा कोणीतरी निघणारच. त्या बोटींच्या परवान्यांच्या अटींत गुहांपासून किती अंतर ठेवायचे, उतरायचे नाही, उजेड टाकायचा नाही, हे आत्ताच लिहिले गेले पाहिजे. बोटी सुरू झाल्यावर लिहिलेल्या अटी कोण पाळतो, हे तारकर्लीच्या पर्यटन बोटींबाबत पाहिले आहेच.

माझे मागणे थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मासेमारी बंद होईपर्यंत, म्हणजे मेअखेरपर्यंत, या खडकांभोवती पहारा हवा. तो निवती, भोगवे, वेंगुर्ला इथल्या मच्छिमारांचाच हवा, रोजावर आणि डिझेलसकट. त्यांच्यात कोणी पूर्वी घरटी काढायला गेलेला असेल तर त्याला आधी घ्या. अंदमानने तेच केले. वन खात्याचा एक अधिकारी नावानिशी या कामाला नेमा, ज्याचा फोन रात्री दोन वाजता लागेल. दरवर्षी विणीनंतर गुहांतल्या घरट्यांची मोजणी करा आणि आकडा जाहीर करा, मग तो कितीही लाजिरवाणा असो. आकडा नसला की पुढच्या वर्षीचा निधी मागताना तुमच्याच हातात काही नसते. सागरी पोलिसांच्या आणि कस्टम्सच्या माणसांना एकदा बसवून वाळके घरटे हातात देऊन दाखवा. तासाभराचे काम आहे.

कांदळवन कक्षाने कासवांसाठी गावोगावी माणसे उभी केली आहेत, त्यामुळे हे तुम्हाला जमत नाही असे म्हणायला जागा नाही. खर्च म्हणाल तर चार महिन्यांचे दोन बोटींचे डिझेल आणि सहा-आठ माणसांचा रोज. पर्यटन योजनेच्या रकमेपुढे हा आकडा टाचणीएवढाही नाही. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर घ्यावा. यायला तयार असलेल्या होडीवाल्यांची यादी किनाऱ्यावरचे आम्ही काही जण तयार करत आहोत. बैठकीच्या आधी ती जिल्हाधिकारी कार्यालयात पोचती करू.

कळावे,

आपला,
वेंगुर्ले तालुक्यातील एक रहिवासी